खाज मांजराला, इलाज घरालाही



सावर्डे आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आमच्या मासिक बैठकीत तो निघाला तेव्हाही सगळ्या हसल्याच होत्या. शेळीचं बोला, म्हशीचं बोला, कोंबड्यांच्या लसीचं बोला, मांजराचं काय बोलायचं? पण मग एकेक जण सांगायला लागली. एकीचं मांजर रात्रभर कान खाजवतं. दुसरीच्या मुलाच्या मानेवर गोल चट्टा उठलाय. तिसरीच्या घरात पाय टेकला की पोटऱ्यांना पिसवा चावतात. अर्धा तास झाला तरी विषय संपेना. म्हणून आज घरातल्या मांजराच्या अंगावरच्या पिसवा, गोचीड, खरूज आणि नायटा यांबद्दल बोलू.

आपल्याकडे मांजर कोणी शोभेला पाळत नाही. भात झोडून घरात आलं की कणगीभोवती, पोत्यांभोवती उंदीर येतात. उंदीर धान्य खातात, त्याहून जास्त नासवतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो हे आपण कोकणातल्या बायका चांगल्या ओळखून आहोत. मांजर हे घरचं राखणीचं जनावर आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे प्लेगची साथ होती, तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिलं होतं की घरोघरी मांजरं पाळा, उंदीर कमी होतील आणि प्लेगही कमी होईल. सांगायचं इतकंच, की मांजराची काळजी घेणं हे लाड नाहीत. कोंबडीची, शेळीची घेतो तशीच ही काळजी आहे.

तरीही मांजराला खाज सुटली की आपल्याकडे दोनच उपाय चालतात. एक म्हणजे गोणत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचं. दुसरा म्हणजे गोठ्यातलं गोचिडाचं औषध त्याच्या अंगावर चोळायचं. पहिल्या उपायाने पिसवा जात नाहीत. दुसऱ्याने मांजर मरतं. आजच्या बोलण्यातलं एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आधी ओळखायचं कसं ते पाहू. खाज एकच दिसली तरी कारणं वेगवेगळी असतात आणि औषधंही वेगवेगळी.

पिसू तपासायला डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या. मांजराच्या कमरेवरून, शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर ती फिरवा. फणीत काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी ती आहे असंच समजा. मांजर स्वतःला सतत चाटतं, त्यामुळे पुष्कळ पिसवा ते गिळून टाकतं. अंगावर एखादीच सापडते, पण घरात खूप असतात. काही मांजरांना तर पिसवेच्या लाळेचंच वावडं असतं. दोन-चार चावे झाले तरी पाठीवर, शेपटीजवळ खपल्या धरतात आणि केस गळतात.

कानातली गोम म्हणून आपण जे म्हणतो, ती बहुतेक वेळा गोम नसते. मांजर डोकं झटकत असेल, कान खाजवून रक्त काढत असेल आणि कानात वाटलेल्या कॉफीसारखा काळा कोरडा मळ असेल, तर ते कानातले किडे असतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना जेमतेम पांढरे ठिपके दिसतात. एका मांजराला झाले की घरातल्या सगळ्या मांजरांना होतात.

खरूज वेगळी दिसते. ती कानाच्या कडेपासून सुरू होते. जाड राखाडी खपल्या धरतात, मग तोंड, डोळ्यांभोवती आणि मान. मांजर पंजाने तोंड पुसतं, म्हणून पंजांवरही जाते. मांजर म्हातारं झाल्यासारखं सुरकुततं. ही खरूज जवळ घेणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज देते.

नायटा म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे, किडा नाही. गोल जागेवरचे केस तुटतात आणि कोंडा धरतो. कधी मांजराला काहीच खाज नसते, पण त्याला कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलाच्या मानेवर, हातावर, नाहीतर डोक्यात चट्टा उठतो. त्यामुळे मुलाला नायटा झाला तर मांजरही तपासा, आणि मांजराला झाला तर मुलं तपासा.

गोचीड डोळ्यांना दिसतेच. रानात फिरणाऱ्या मांजराच्या कानात, मानेत आणि बोटांच्या बेचक्यात ती चिकटते.

आता पिसवांकडे परत येऊ, कारण सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच आहे. पिसू मांजराच्या अंगावर बसून रक्त पिते आणि तिथेच अंडी घालते. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. मांजर जिथे झोपतं तिथे ती पडतात. चुलीच्या कोपऱ्यात, गोधड्यांच्या घडीत, पोत्यांमागे, माळ्यावरच्या पेंढ्यात. त्यातून बारीक अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून जमिनीच्या भेगांत आणि सतरंजीच्या खाली जातात. पुढे त्या कोश करतात. कोशातली पिसू आठवडेच काय, काही महिनेही तशीच पडून राहू शकते. पावलांची धडधड झाली, अंगाची ऊब लागली, की कोश फोडून बाहेर येते.

गणपतीला मुंबईची माणसं येतात, वर्षभर बंद असलेलं घर उघडतात आणि तासाभरात पिसवा चावायला लागतात, हे पाहिलंय ना तुम्ही? घरात मांजर नाही, कुत्रा नाही, मग पिसवा आल्या कुठून असं सगळे विचारतात. त्या भेगांतल्या कोशांतून आलेल्या असतात.

एखाद्या घरात पिसवांचा सुळसुळाट असेल तर त्यांतला अगदी थोडा भाग मांजरावर असतो. बाकी सगळा भाग अंडी, अळ्या आणि कोश होऊन जमिनीत आणि अंथरुणात असतो. म्हणून मांजर नदीपलीकडे सोडून आलात तर काय होईल? कोशांतल्या पिसवा बाहेर यायच्या तेव्हा येणारच. त्यांना मांजर सापडलं नाही की त्या तुमच्या-आमच्या पायांना, रांगत्या बाळाला चावतील. कणगीजवळ उंदीर येतील ते वेगळंच.

तेव्हा घराचं काम आधी करू. मांजर जिथे झोपतं त्या सगळ्या जागा शोधा आणि तिथे रोज झाडा, नुसतं मधल्या जमिनीवर नाही. खाटेखाली, पेटीमागे, भिंतीच्या कडेला झाडा. केर दारात टाकू नका, साबणाच्या पाण्यात टाका. जमीन मातीची असेल तर भेगा बुजवून मग सारवा. नुसतं वरून सारवलं तर भेगा तशाच राहतात. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात बुडवून धुवा आणि कडक उन्हात घाला.

तुम्ही म्हणाल, आषाढात ऊन कुठून आणायचं? खरं आहे. पिसवांना दमट हवा मानवते, आणि आपल्याकडे जूनपासून तेच असतं. म्हणून मोठी धुणी पावसाआधी, मे महिन्यातच उरकून घ्यायची. पावसात निदान मांजराचं अंथरूण तरी कढत पाण्यातून काढायचं, चुलीच्या वरच्या दोरीवर वाळवायचं आणि इस्त्री असेल तर फिरवायची.

एक सोपी युक्ती सांगतो. मांजराला झोपायला एकच जागा द्या. जुन्या लुगड्याची घडी चुलीजवळ अंथरा. मांजराला ऊब मिळाली की ते तिथेच झोपायला लागतं आणि अंडीही बहुतेक तिथेच पडतात. दर आठवड्याला ती घडी तशीच उचलायची, घरभर न झटकता, आणि कढत पाण्यात टाकायची.

घरात फवारणी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मांजर, कोंबड्यांची पिल्लं आणि मुलं बाहेर ठेवा, पाण्याचे हंडे झाका, आणि जमीन पूर्ण वाळल्याशिवाय कोणाला आत येऊ देऊ नका.

आता मांजराकडे वळू. रोज एकदा फणी फिरवा आणि शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवा. फणीत आलेली पिसू त्यात बुडवली की मरते. नखाने चिरडत बसू नका. पिसवा खूप असतील आणि मांजर मोठं, धडधाकट असेल तर कोमट पाण्याने आणि लहान मुलांच्या शाम्पूने अंघोळ घालता येते. आधी मानेभोवती फेस करा, नाहीतर पिसवा डोक्याकडे पळतात. नंतर फडक्याने कोरडं करून उबेला ठेवा.

लहान पिल्लांकडे जास्त लक्ष द्या. पिल्लाच्या अंगात रक्त ते किती, आणि पन्नास पिसवा पिणार. पिल्लाच्या हिरड्या पहा. गुलाबी असायला हव्यात. पांढऱ्या पडल्या असतील आणि पिल्लू निपचित असेल तर त्याच दिवशी दवाखाना. घरी वाट पाहू नका.

गोचीड काढायची तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ ओढा. रॉकेल लावू नका, उदबत्तीने चटका देऊ नका, उघड्या बोटांनी चिरडू नका. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, ती रानातल्या गोचिडांमुळे. घरच्या मांजरामुळे नव्हे. पण गोचीड हाताळताना हातात मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालायची, एवढी सवय सगळ्यांनीच लावून घेतलेली बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे आम्ही सावकाश सांगतो, शक्य असेल तर लिहून घ्या.

गाईम्हशींच्या गोचिडांवरची औषधं मांजराला लावायची नाहीत. बाटलीवर डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन किंवा अमित्राज यांतलं काहीही लिहिलं असेल तर ती बाटली मांजरापासून लांब ठेवायची. कुत्र्याच्या मानेवर सोडायचे थेंबही मांजराला लावायचे नाहीत, त्यांत पुष्कळदा परमेथ्रिन असतं. गाईला, कुत्र्याला जे सोसतं ते मांजराला का सोसत नाही? कारण ही औषधं मोडून बाहेर टाकायची जी ताकद त्यांच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार कमी असते. त्यातून मांजर आपलं सगळं अंग चाटून काढतं. जे आपण त्याच्या पाठीवर लावलं, ते तासाभरात त्याच्या पोटात जातं.

आमच्या ओळखीच्या एका घरी हे झालं. काकींनी गोठा फवारला आणि बादलीत थोडं पाणी उरलं. मांजर खाजवत होतं म्हणून त्याच पाण्यात फडकं भिजवून त्याचं अंग पुसलं. हेतू चांगलाच होता. दुपारपर्यंत मांजराच्या तोंडातून लाळ गळायला लागली, कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. घरच्यांना वाटलं, साप चावला. संध्याकाळी ते गेलं. घरात त्याची तीन पिल्लं होती, डोळेही उघडले नव्हते. गटातल्या वहिनींनी बोळ्याने दूध पाजून पाहिलं, पण एकच जगलं. काकी बैठकीत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बाटलीवर लिहिलेलं असतं तर मी लावलं असतं का गो?" लिहिलेलं असतंही कधी, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. म्हणून हे आज रेडिओवरून सांगतो आहोत.

असं कोणाकडून चुकून झालंच तर काय करायचं? मांजर शुद्धीवर असेल, झटके येत नसतील, तर लगेच कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साध्या साबणाने त्याचं अंग धुवा. गार पाणी नको, अंग गार पडलं की त्रास वाढतो. पुसून फडक्यात गुंडाळा, म्हणजे त्याला अंग चाटताही येणार नाही. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. औषधाची बाटली बरोबर घ्या आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, तसेच निघा. वेळेत पोचलं तर मांजर वाचतं.

आणखी काही गोष्टी टाळायच्या. फिनाईल, रॉकेल, डेटॉल, कापूर, तंबाखूचं पाणी मांजराच्या अंगावर घालू नका. बैठकीत विचारलं गेलं, करंजेल लावलं तर? आपल्या गुरांना पूर्वीपासून लावतात ना? गुरांना लावा. मांजर ते चाटून खाणार, म्हणून त्याला नको. कडुलिंबाचं तेलही नको. कानात लसणीचं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, काडी यांतलं काही घालू नका. आणि मांजर कण्हतंय म्हणून तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, देऊ नका. आपली अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

मग लावायचं काय? मांजरांसाठी म्हणून वेगळे थेंब मिळतात. फिप्रोनिलचे असतात, सेलामेक्टिनचे असतात. वजन पाहून डॉक्टर सांगतील ते घ्यायचे. मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोचत नाही, तिथे केस बाजूला करून कातडीवर सोडायचे. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. अगदी लहान पिल्लांना विचारल्याशिवाय लावू नका. इथे एक धोका आहे. फिप्रोनिल हे नाव तुम्ही भाताच्या खोडकिड्याच्या औषधावरही वाचलं असेल. नाव तेच असलं तरी शेतातलं औषध मांजराला चालत नाही. त्याची तीव्रता वेगळी असते आणि त्यात मिसळलेले पदार्थही वेगळे असतात.

तसंच आयव्हरमेक्टिनचं. खरजेवर आणि कानातल्या किड्यांवर डॉक्टर ते वापरतात. म्हणून गुरांची उरलेली बाटली घेऊन कोणी घरी टोचू नये. गाय ३०० किलोची, मांजर ३ किलोचं. शंभर पटींचा फरक आहे. तो हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

औषध एकदा लावून भागत नाही. आज अंगावरच्या पिसवा मेल्या तरी कोशातल्या पुढच्या आठवड्यात निघतात. म्हणून थेंब सांगितल्याप्रमाणे, साधारण दर महिन्याला, निदान तीन महिने लावायचे. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्याला त्याच दिवशी औषध करायचं, पण कुत्र्याचं औषध कुत्र्याला आणि मांजराचं मांजराला. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. तो पट्टकृमीचा तुकडा असतो. पिसू गिळल्याने तो मांजराच्या पोटात जातो. क्वचित लहान मुलाच्याही पोटात जातो, म्हणून रांगतं बाळ घरात असेल तर पिसवांकडे दुर्लक्ष नको.

मुलांच्या नायट्याबद्दल दोन शब्द. मेडिकलमधून कोणतीही ट्यूब आणून लावू नका. पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, चट्टा फिकटतो आणि मग दुप्पट पसरतो, औषधालाही दाद देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरात मांजर आहे हे सांगा. मुलाचा टॉवेल, कंगवा, अंथरूण वेगळं ठेवा. मांजर बरं होईपर्यंत त्याला अंथरुणात घेऊ नका, पण मुलांसमोर त्याला मारू नका, हाकलू नका. मूल मग लपून त्याला जवळ घेतं आणि चट्टाही लपवतं.

मांजराला औषध लावताना ते ओरबाडणार, हे धरूनच चाला. जाड टॉवेलात गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर ठेवा, एकीने धरायचं आणि दुसरीने लावायचं. तरी चावलं किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. आपलंच मांजर आहे, त्याला काय होणार, असं म्हणून घरी बसू नका.

दवाखान्यात न्यायचं कसं, हाही प्रश्न असतो. कोंबड्यांचं डालगं घ्या, आत जुनं कापड घाला, वरून फडकं घट्ट बांधा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गुरांचाच असतो असं पुष्कळ जणींना वाटतं. तिथे मांजरही दाखवता येतं. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर विचारता येतं. गावात 'उमेद'च्या पशुसखी असतील तर डॉक्टर कोणत्या वेळी भेटतात ते त्यांना माहीत असतं.

आणि मैत्रिणींनो, हे काम एकटीचं नाही. तुमच्या घरातल्या पिसवा संपल्या आणि शेजारच्या मांजरावर तशाच राहिल्या तर महिन्याभरात परत आल्याच समजा. आमच्या गटांनी ठरवलंय की मे महिन्यात एक दिवस ठरवायचा आणि वाडीतल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी औषध करायचं. डॉक्टरांना आधी भेटून कोणतं औषध, कोणाला किती, ते लिहून घ्यायचं आणि खर्च वाटून घ्यायचा. त्याच आठवड्यात सगळ्या घरांनी गोधड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. गोठ्यातल्या गोचिडाच्या बाटल्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवायची: "मांजराला लावू नये." घरात वाचता येणारी मुलं आहेत, त्यांनाच हे काम द्या.

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटात हा विषय काढा. आधी सगळ्या हसतील. हसू द्या. मग फणी आणि ओलं पांढरं फडकं पुढे ठेवा आणि एखादीच्या मांजराला तपासून दाखवा.